नोबांतूच्या मयतीचं गाणं

“सूर पोटातून उचल. गळा देवाचा, त्याला हात लावायचा नाही. पोट तुझं, काय ताण द्यायचाय तो त्याला दे.”

आईचं हे बोलणं वुयेलवाला छापखान्याच्या काउंटरपाशी उभं असताना ऐकू आलं आणि आत्ताच का ऐकू आलं ते तिला कळेना. समोर छापखान्याची मालकीण नोमोंडे मयतीची पत्रिका दोन्ही हातांवर आडवी धरून उभी होती, बाळंतिणीच्या खोलीतून बाळ बाहेर आणून दाखवावं तशी. गुळगुळीत कागद, शाईचा किंचित आंबूस वास आणि वर आईचा फोटो. पांढरी टोपी, पांढऱ्या कॉलरचा लाल झंपर, गळ्यापर्यंत लावलेली बटणं. फोटोतसुद्धा नोबांतू कॅमेऱ्याकडे न बघता जरा बाजूला बघत होती, रांगेत कुणाचा तरी सूर पडला असावा तशी. खाली शनिवारचा क्रम होता. प्रार्थना, शेजाऱ्यांचे दोन शब्द, गुरुवारच्या बायकांचा मान, पाद्रींचं प्रवचन. आणि या सगळ्याच्या वर, जरा मोठ्या अक्षरात, वुयेलवानं न दिलेली एक ओळ होती. उंबऱ्यावरचं गाणं उचलणार, कन्या वुयेलवा.

“हे मी दिलं नव्हतं.”

“नव्हतंच दिलंत, ताई. विसरलात तुम्ही.” नोमोंडे समजुतीनं हसली. “अशा वेळी डोकं ठिकाणावर असतं का कुणाचं? माझी आई गेली तेव्हा मी तिचंच नाव चुकीचं छापलं होतं, स्वतःच्या छापखान्यात! म्हटलं, आपली वुयेलवा आणि पत्रिकेत गाण्याची ओळ नाही? लोक माझ्या तोंडात शेण घालतील.”

“काढून टाक.”

“आता कशी काढू? गठ्ठे बांधून झाले, ताई. निम्मे तेम्बेकाकू घेऊनसुद्धा गेल्या. आणि तो रेडिओवाला सकाळपासून ओरडतोय की! माझा नवरा म्हणतो, शनिवारी गल्लीत पाय ठेवायला जागा मिळायची नाही. तुमचं गाणं त्यानं शंभरदा ऐकलंय, पण खऱ्या रडण्यातलं एकदा ऐकायचंय म्हणतो.”

नोमोंडेच्या बोलण्यात काही वाकडं नव्हतं. तिनं गठ्ठा उचलून वुयेलवाच्या हातात दिला, वरून थोपटला, आणि “देव बळ देवो” म्हणून आतल्या यंत्राकडे वळली.

गाडीत बसल्यावर वुयेलवानं किल्ली फिरवलीच नाही. बंदराकडून येणारा वारा गाडीला बाजूनं ढकलत होता. पोर्ट एलिझाबेथमध्ये वाढलेल्या माणसाला हा वारा ऐकूही येत नाही, पण आज तिला ऐकू येत होता. शेजारच्या सीटवर आई गठ्ठ्यानं पडली होती, एकावर एक, सगळ्या बाजूला बघणाऱ्या. हॉस्पिटलातली ती दुपार तिला पुन्हा आठवली. खरं तर ती दुपार तिच्या डोक्यातून गेलीच नव्हती, फक्त माणसांत असताना मागे सरायची. आई गेली त्याच्या आदल्या आठवड्यातली ती दुपार. आई संत्र्याची फोड चोखत होती आणि चोथा कुठे ठेवावा हे न सुचून मुठीत धरून बसली होती. वुयेलवानं हात पुढे केला. आईनं चोथा तिच्या तळव्यावर ठेवला, तळवा तसाच धरला आणि म्हणाली, “माझ्या मयतीला तू तोंड उघडायचं नाहीस.”

“असं काय बोलतेस, आई?”

“लोक येतील ते तुला ऐकायला येतील. मी तिथं पेटीत पडलेली असेन आणि सगळे तुझ्या तोंडाकडे बघत बसतील. माझा एक दिवस तरी माझा असू दे.”

“उंबऱ्यावरचं कोण उचलणार मग?”

“ते मला विचारू नकोस. मी मेलेली असेन.” आईला स्वतःच्याच बोलण्याचं हसू आलं आणि हसण्यानं खोकला आला. तो थांबेपर्यंत तिनं हात सोडला नाही. “वचन दे. माझ्या नाही, देवाच्या नावानं दे. माझ्या नावानं दिलेलं तू मोडशील.”

वुयेलवानं दिलं. ओल्या चोथ्याची मूठ, त्यावर आईची मूठ, आणि देवाचं नाव. इतकं झाल्यावर आईनं डोळे मिटले आणि बाजारहाट आटोपल्यासारखा चेहरा करून झोपून गेली. आणि आता शनिवारी पेटी घरातून निघताना सबंध वस्ती उंबऱ्याकडे तोंड करून उभी राहणार. गाणं उचलल्याशिवाय पेटी उंबरा ओलांडत नाही आणि ते उचलायचं ते मेलेल्या माणसाच्या थोरल्या लेकरानं. दुसरं कुणी उचललं तर ते लेकरू जिवंतपणी घराला मेलं असा अर्थ. आईनं तिच्या आयुष्यात अशा किती उंबऱ्यांवर उभं राहून लोकांच्या रडवेल्या पोरांना पहिला सूर कानात सांगितला होता. रीत तिला ठाऊक नव्हती असं कुणी म्हणू शकलं नसतं. बरं, हे वचन चारचौघांत सांगायची सोय नव्हती. सांगितलं तर आई उघडी पडते. जिच्या नावानं बायका शपथा घालतात ती नोबांतू मरतानासुद्धा लेकीच्या गळ्यावर जळत होती, असं रेडिओवाला दुपारच्या बातम्यांत सांगेल. आणि नाही सांगितलं तर आपण संपलो. आईच्या मयतीला जिच्या तोंडून सूर निघाला नाही तिचं भक्तीचं गाणं पुन्हा कोण ऐकेल? वुयेलवा दोन्ही बाजू तोलत राहिली. तोलताना आपल्याला आईपेक्षा स्वतःची काळजी जास्त वाटते आहे हे तिच्या लक्षात आलं, आणि ते लक्षात आल्यावरही काळजी कमी झाली नाही.

आईचा आवाज गुरुवारी यायचा. बाकीचे दिवस ती वॉल्मरमधल्या गोऱ्यांच्या घरी असायची. तिथं दार वाजवतानासुद्धा आवाज होऊ नये म्हणून बोटाचं पेर वापरायची, आणि घरी आल्यावरही रात्रीपर्यंत कुजबुजतच बोलायची, कारण गळ्याला तीच सवय लागलेली. गुरुवारी दुपारी सगळ्या मोलकरणींना सुट्टी. बायका लाल झंपर, काळा स्कर्ट, पांढरी टोपी घालून चर्चमागच्या खोलीत जमायच्या आणि दार लावून घ्यायच्या. लहानगी वुयेलवा बाहेर भिंतीला पाठ लावून बसायची. भिंत थरथरायची. ही आपली आई आहे यावर तिचा विश्वास बसायचा नाही; आतून येणारा तो आवाज इतका मोठा, इतका निर्लज्ज होता की तिला वाटायचं, आत कुणीतरी वेगळीच बाई आहे आणि ती आपल्या आईला खाऊन टाकते आहे. गाणी कुणाची नव्हती. आई ओळ टाकायची, बायका झेलायच्या, पुढच्या गुरुवारी ती ओळ सगळ्यांची. झंपर मिळायला वर्षं जायची. नेम, उपास, वागणं, सगळं बघून मगच बायका तो अंगावर चढवायच्या. वुयेलवाच्या अंगावर तो चढला तेव्हा बटणं आईनंच लावली होती.

काढलीही तिनंच. तेव्हा वुयेलवाला सहावा महिना होता. चर्चच्या बँडमधला जो ट्राँबोनवाला त्याला कारण होता तो केपटाउनला निघून गेला होता आणि तिथून त्याचं एक पोस्टकार्डही आलं नव्हतं. लग्नावाचून दिवस गेले की झंपर उतरवायचा, हा नियम. मंडळाची प्रमुख आईच होती. ती दुसऱ्या कुणाला सांगू शकली असती. तेम्बेकाकू तर अर्धवट उठल्याही होत्या. पण आई म्हणाली, “बस खाली. माझ्या घरातली घाण मी काढते.” आणि वरच्या बटणापासून सुरुवात केली. तिच्या बोटांना ब्लीचचा वास होता. नखं गार होती. पोटावरच्या एका बटणापाशी आतून पोरीनं लाथ मारली. ती आईच्या बोटांना लागली, वुयेलवानं ते तिच्या डोळ्यांत पाहिलं. बोटं क्षणभर थांबली आणि मग त्यांनी ते बटण काढलं. झंपर उतरल्यावर आईनं बाह्या आत घालून त्याची नीट घडी केली, पेटाऱ्यात ठेवली आणि वळून गाणं उचललं. आतल्या पांढऱ्या शेमीजमध्ये, हात पोटावर धरून उभी असलेली वुयेलवा सवयीनं खालच्या सुरात मिसळली. तिला कळलंही नाही आपण गातो आहोत. आईनं हात वर करून सगळ्यांना थांबवलं. “तू नाही,” ती म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून उचललं.

या दोन शब्दांवर वुयेलवाचं नाव उभं राहिलं. जोहान्सबर्गला मोखेती नावाच्या निर्मात्यानं तिचं गाणं ऐकलं तेव्हा त्याला ते ठीकठाक वाटलं होतं; पण झंपराची गोष्ट ऐकल्यावर तो खुर्चीतून पुढे सरकला. “हे सांगायचं. गाण्याआधी. दर वेळी.” मग ती सांगत गेली. तंबूत, स्टेडियममध्ये, टीव्हीवर. पहिलं बटण, मधलं बटण, लाथ. लोकांना कुठं हुंदका येतो ते तिला कळत गेलं आणि ती तिथं थोडं थांबू लागली. पुढे पुढे तिनं एक वाक्य घातलं, “आईचे हात थरथरत होते.” हे वाक्य नसलं की लोक आईवर चिडायचे आणि चिडलेल्या लोकांना नीट रडता येत नाही, असं मोखेतीचं म्हणणं. त्या वाक्यावर सबंध स्टेडियम उभं राहायचं. आणि मग ती आईच्याच गुरुवारच्या ओळी गायची. कॅसेटवर मागच्या बाजूला गीत आणि संगीत म्हणून तिचं स्वतःचं नाव असायचं, कारण कुणाचं तरी घालावं लागतं. आईनं ते सगळं शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिलं. झिंतले, म्हणजे ती लाथ मारणारी पोर, तोवर आजीकडेच वाढत होती. वुयेलवाचा फोन आला की आई पोरीच्या तब्येतीचं, शाळेचं, शेजारच्या कुत्र्याचं सगळं सांगायची. हातांचं ते वाक्य टीव्हीवर ऐकल्यानंतरच्या फोनवर ती एवढंच म्हणाली, “माझे हात थरथरत नव्हते.” आणि झिंतलेला फोन दिला.

दोघींत एकदाच काही सुधारण्यासारखं झालं. आई पार म्हातारी झाल्यावर वुयेलवानं तिला जोहान्सबर्गला नेलं, आपल्याबरोबर एक गाणं ध्वनिमुद्रित करायला. आईनं पांढरी टोपी काढायला नकार दिला, तेव्हा त्या टोपीवरूनच हेडफोन चढवावे लागले. ती गायली. काचेच्या पलीकडून वुयेलवा बघत होती. गाताना आईच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या ताणल्या होत्या आणि चेहऱ्यावर असा काही आनंद होता की तो दुसऱ्यानं बघणं बरं नव्हे. गाणं झाल्यावर मोखेती यंत्रावरून नजर न उचलता म्हणाला, “आजींना मागे घेऊ या.” तबकडी निघाली. सबंध वस्तीनं विकत घेतली. वुयेलवा नाताळला घरी गेली तर आई यंत्रासमोर खुर्ची ओढून बसली होती.

“मी कुठं आहे यात?”

“कोरसमध्ये, आई. मागे आहेस.”

“मागे कुठं? दाखव. मी परत लावते.”

तिनं परत लावलं. कोरस आला नि गेला. आई लेकीकडे बघत होती आणि लेक यंत्राकडे. बोट उचलून दाखवता येईल असं त्यात काहीच नव्हतं. आणि सगळ्यांत वाईट, जे वुयेलवानं पुढे कधीही कुणाला, प्रार्थनेतसुद्धा सांगितलं नाही, ते हे की गाणं आईवाचून जास्त चांगलं झालं होतं. तिच्या कानानं ते पहिल्याच वेळी ओळखलं होतं. कान काही लेकीचा नसतो.

शुक्रवारी दुपारी पेटी घरी आली. रात्रभर बायका पेटीभोवती बसून गायल्या. वुयेलवा भिंतीशी गादीवर घोंगडी पांघरून बसली होती. ती गात नाही हे लवकरच सगळ्यांच्या ध्यानात आलं, पण अर्थ त्यांनी त्यांचाच लावला. “राखतेय उद्यासाठी,” कुणीतरी म्हणालं. “राखू दे, राखू दे. उद्या बघा.” मग येणारी प्रत्येक बाई तिच्यासमोर आल्याचा कढत पेला ठेवून जाऊ लागली, घशाला बरा म्हणून. तिनं ते सगळे पेले प्यायले. नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं.

शनिवारी सकाळी अंगणातल्या तंबूत खुर्च्या लागत होत्या. मोठ्या पातेल्यांत मका आणि राजमा रटरटत होता. रेडिओवाला आणि टीव्हीचे लोक कुंपणाशी तारा ओढत होते. आतल्या खोलीत वुयेलवा काळा झगा घालून बसली असताना तेम्बेकाकू दोन बायकांना घेऊन आल्या. आईनंतर मंडळ आता त्यांच्याकडे होतं. त्यांनी उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं काहीतरी पलंगावर ठेवलं आणि उघडलं. लाल झंपर. तोच.

“कडेच्या शिवणी उसवून वाढवलाय,” काकू म्हणाल्या. “तू काय आता तेव्हाएवढी राहिली नाहीस. काल रात्री मंडळानं ठरवलं. कबुली नको, गुडघे टेकणं नको, काही नको. घाल आणि उंबऱ्यावर आमच्यात उभी राहा. नोबांतूच्या लेकीनं उघड्या अंगानं गाणं उचललेलं बरं दिसत नाही.”

“टीव्हीवाले आलेत म्हणून काय?” दारात उभी असलेली झिंतले म्हणाली.

“तू गप गं. आजीच्या जिवावर वाढलीस, जीभ आईची घेतलीस.”

वुयेलवानं झंपराला हात लावला. इतकी वर्षं तिला वाटत होतं की तो लालभडक असेल. पेटाऱ्यात राहून तो विटकरी झाला होता आणि कापराचा वास येत होता. आपल्याला हा किती हवा होता, अजून किती हवा आहे, हे तिला बोटांच्या टोकांत कळलं, भुकेल्याला अन्नाचा वास यावा तसं. घातला तर गावं लागणार. गायली तर हा आपला, बायका आपल्या, आणि ज्या दाराआड ‘तू नाही’ ऐकलं ते दार उघडं. तिनं अभ्रा पुन्हा गुंडाळला आणि काकूंच्या हातात दिला.

“काकू, गाणं तुम्ही उचला.”

“जिवंत लेकीच्या पुढ्यात? मेलीस का तू?”

“मला नाही उचलता यायचं.”

“घसा बसला? दाखव.” काकूंनी खरोखरच तिची हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं आणि उजेडाकडे वळवून आत बघितलं, बाजारात मेंढीचं बघतात तसं. “काही झालेलं नाही तुला. सगळ्या देशाला रडवत फिरलीस आईच्या नावानं. आज फुकट गायचं तर जिवावर आलं होय?” त्या दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. “त्या दिवशी मी उठले होते. मला वाटलं होतं, नोबांतू पोरीशी फार कठोर वागते आहे. माझंच चुकलं. अंगावरून काढला तो बरोबर काढला तिनं.”

बायका गेल्यावर झिंतलेनं दार लावलं. “म्हातारीनं सूड उगवला, आई. मी हॉस्पिटलात पडद्यामागे होते, सगळं ऐकलंय मी. ते वचन नव्हे. आणि तिला ताप होता.”

“ताप नव्हता तिला.”

“मग मी सांगते बाहेर जाऊन. सगळ्यांना. माइकवर.”

“सांगायचं नाही.”

“का? तिची लाज राखायला? तिनं तुझी राखली होती?” झिंतलेचा आवाज चिरकला. तिला सूर नव्हता; आजीनं लहानपणीच सांगून टाकलं होतं, ही पोर गाण्यातली नाही, बरं झालं. “तू तिच्यासाठी करत नाहीयेस हे. मला माहितीये. आयुष्यभर तिच्यापेक्षा चांगली ठरलीस, आता शेवटचंही तूच जिंकणार. वचन पाळणारी मोठी!”

वुयेलवानं लेकीकडे पाहिलं. हे खोटं आहे असं तिला म्हणता आलं नाही आणि खरं आहे असंही म्हणवेना. देवाच्या नावानं दिलेला शब्द पाळताना मन स्वच्छ असावं लागतं का, हा प्रश्न पाद्रींना विचारायला आता वेळ नव्हता. तिनं डोक्याला काळा रुमाल बांधला. झिंतलेनं रागातच मागून गाठ नीट केली.

पेटी आतल्या खोलीतून निघाली आणि उंबऱ्याशी येऊन थांबली. तंबूतल्या बायका उठल्या. कुंपणावर चढलेले लोक गप्प झाले. कुणीतरी पातेल्याखालची लाकडं ओढली, ती चुरचुरून विझली. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला. पेटीच्या पुढच्या कोपऱ्याशी वुयेलवा उभी होती, आणि सूर आला. तिची परवानगी न घेता आला, नेहमीच्या जागी येऊन उभा राहिला, आणि तो इतका शुद्ध होता की तिचे डोळे भरले. तिनं दात आवळले. सूर जबड्याच्या हाडांत भिणभिणत राहिला. समोर नोमोंडेचा नवरा होता, टोपी छातीशी धरून, तोंड अर्धवट उघडं ठेवून. पहिल्या रांगेत लाल झंपर, त्यांचे श्वास घेऊन ठेवलेले, झेलायला तयार.

पेटी धरणाऱ्यांचे दंड थरथरू लागले. “ताई,” त्यांतला एक हळूच म्हणाला, “जड होतंय.”

“उचल गं,” काकू दातांतून म्हणाल्या. “उचल, मेले!”

वुयेलवानं कुणाकडेच न बघता पाय उचलला आणि उंबरा ओलांडला. मागे क्षणभर काहीच हललं नाही. मग ओझं असह्य झालेल्या माणसांनी तिच्यामागून पाऊल टाकलं आणि नोबांतू गाण्यावाचून घराबाहेर पडली. त्या वस्तीत असं कधी झालं नव्हतं. शेकडो माणसं, आणि आवाज फक्त बुटांचा नि वाऱ्याचा. फुलांखाली झाकलेल्या पेटीकडे एकाचीही नजर नव्हती. सगळे तिच्याकडे बघत होते, तिच्या तोंडाकडे. इतकं टक लावून तिच्याकडे कुठल्या स्टेडियमनंही कधी पाहिलं नव्हतं. आईला हे ठाऊक असेल का, असं तिच्या मनात आलं. विचारायला आता कुणी उरलं नव्हतं. कुणीतरी म्हणालं, “दगड आहे, दगड.” कुणाचं तरी लहान मूल आईला मोठ्यानं विचारत होतं, ती गात का नाही. रेडिओवाल्यानं माइक पुढे केला, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून मागे घेतला.

चर्चपर्यंत सबंध गल्ली अजून चालायची होती. वुयेलवानं रुमाल घट्ट केला आणि ओठ मिटून ती फाटकाबाहेर चालू लागली.